बेटापाशी बुडालं कोण

अपेक्षा पोहायला शिकली ती भातकुलीच्या शेतातल्या विहिरीत. तो सगळा पट्टा खारपाणाचा. विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही आणि प्यायला तर नाहीच नाही. तिचे वडील पंजाबराव म्हणायचे, "पिकाच्या कामाची नाही ना, मंग पोरीच्या कामी येऊ दे." त्यांनी तिच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला आणि तिला पाण्यात सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात डब्याची गरज राहिली नाही. गावातली माणसं काठावर उभी राहून बघायची, आणि पंजाबराव कोणी न विचारताच सांगायचे, "माही पोरगी हाये ते."

लग्न होऊन ती अकोल्याला आली तेव्हा सासरच्यांना हे थोडं विचित्र वाटलं, पण त्यांनी अडवलं नाही. तिचे सासरे खुशालराव मूळचे तेल्हाऱ्याचे, शेतीवाले. मुलगा नितेश अकोल्यात ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान चालवायचा. अपेक्षा रोज सकाळी तरण तलावावर बायकांची बॅच घ्यायची. गुडघे दुखणाऱ्या बायका, नव्याने लग्न झालेल्या मुली, एक भाजीवाली गोदाबाई, असा सगळा मेळ होता. घरी येताना तिचे केस ओले असायचे आणि सासूबाई, मैनाबाई, रोज तेच म्हणायच्या, "सर्दी होईन कवा तरी." एवढंच.

नितेशला वेड लागायची सवय होती. आधी सायकल, मग चिखलदऱ्याच्या डोंगरवाटा, मग समुद्राच्या तळाचे व्हिडिओ. पाठीवर सिलिंडर लावून माणसं माशांमध्ये फिरतात हे त्याने मोबाईलवर पाहिलं आणि दुकानात बसल्या बसल्या त्याचं मन तिकडे लागलं. पोहायला तो बायकोकडूनच शिकलेला. जोर खूप लावायचा, दम कमी पुरायचा. मागच्या वर्षी दोघांनी अंदमानला जाऊन डायव्हिंगचं शिक्षण घेतलं, प्रमाणपत्र मिळवलं. यंदा त्याने ठरवलं, तिथलंच बॅरन बेट. देशातला एकमेव जिवंत ज्वालामुखी आणि त्याच्या भोवतालचा समुद्र. सोबत वरुडचा त्याचा मित्र गोवर्धन, संत्र्याचा व्यापारी, आणि गोवर्धनची बायको करिश्मा.

बोट संध्याकाळी निघाली आणि सकाळी बेटापाशी पोचली. आजूबाजूला दुसरं काहीच नाही. समुद्रातून सरळ वर आलेला काळा डोंगर, त्याच्या मधोमध राखेचा ढीग, आणि त्यातून निघणारा पातळ धूर. किनाऱ्यावर उतरायला बंदी. मोबाईलला रेंज नाही. गोवर्धन कठड्याला रेलून म्हणाला, "बाप्पा! एवढ्या दूर आलो आन् हे तर तेल्हाऱ्याचं वावर दिसून राहिलं. नांगरून ठेवल्यासारखं."

नितेश हसला. अपेक्षाही हसली. करिश्माला बोट लागली होती, ती आत पडून राहिली. पाण्यात उतरले ते तिघं आणि त्यांची मार्गदर्शक, तनुश्री नावाची बंगाली मुलगी. गोवर्धन नवखा, म्हणून तनुश्री त्याच्याजवळ. नितेश आणि अपेक्षा एकमेकांची जोडी.

खाली तळ काळा होता. ज्वालामुखीची राख उताराने खोल खोल गेलेली, आणि पाणी इतकं स्वच्छ की खोली कळेना. त्या उतारावरून एक प्रचंड चपटा मासा, सतरंजी झटकावी तसे पंख हलवत गेला. नितेश त्याच्यामागे निघाला. अपेक्षाने हाताने खूण केली, नको. त्याने पाहिलं नाही. ती त्याच्यामागे गेली.

मग काय झालं ते तिला नीट आठवतं, कारण तिचं डोकं त्या वेळी विलक्षण शांत होतं. नितेशच्या मास्कमध्ये पाणी शिरलं. नाकावाटे फुंकून ते बाहेर काढायचं असतं. शिकताना त्याने ते बऱ्याचदा केलं होतं. आता त्याने मास्कच ओढून काढला. नाकात पाणी गेलं, तोंडातली हवेची नळी सुटली, आणि तो अपेक्षावर आला. त्याने तिच्या तोंडातली नळी हिसकावून स्वतःच्या तोंडात कोंबली. तिने छातीपाशी लटकलेली जास्तीची नळी चाचपून तोंडात घेतली. तोवर त्याने वर झेप घ्यायला पाय मारायला सुरुवात केली होती.

घाबरलेला माणूस श्वास कोंडून एकदम वर गेला तर फुप्फुसं फाटतात. हे दोघांनाही शिकवलं होतं. त्यातल्या एकालाच ते आता आठवत होतं. तिने त्याच्या तरंगायच्या जॅकेटमधली हवा सोडली, दोन्ही पायांनी त्याच्या मांड्यांना विळखा घातला आणि त्याला धरून ठेवलं. त्याने तिला मारलं. मूठ गालावर बसली. दुसऱ्या हाताची बोटं तिच्या खांद्याच्या पट्ट्यात अडकवून तो ओढत राहिला. वर उजेड दिसत होता, आणि त्या उजेडाकडे धावायचं नव्हतं. मनात आलं तरी ती त्याला सोडून जाऊ शकत नव्हती, त्याची पकडच तशी होती. त्याचे डोळे उघडे होते आणि त्या डोळ्यांत ती कोण आहे याची ओळख नव्हती.

हळूहळू त्याचा श्वास संथ झाला. ती त्याला घेऊन इंच इंच वर सरकू लागली. अर्ध्या वाटेत तनुश्री पोचली, तिने दुसऱ्या बाजूने त्याला बगलेत धरलं, आणि तिघं वर आले.

बोटीवर चढल्यावर अपेक्षाचा गाल सुजून डोळा बारीक झाला होता. नितेशने अंगावर टॉवेल ओढून घेतला. गोवर्धनने हे सगळं दुरून पाहिलेलं, निळ्या पाण्यातून. नितेशने बायकोचा पट्टा गच्च धरलेला त्याला दिसला होता. वर येताच तो ओरडला, "वहिनी, काय केलं हे! जीवच घेतला असता आमचा. गड्या नितेश, तुनं धरून ठेवलं म्हनून वाचल्या त्या!"

नितेशच्या हातात कोणीतरी चहाचा कप दिला होता. तो त्याने न पिताच धरून ठेवला होता. त्याने गोवर्धनकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

अपेक्षा वाट पाहत होती. तो बोलेल. आता बोलेल. तिला वाटलं, चहा तरी पोटात जाऊ दे आधी.

तो बोलला नाही. करिश्मा बाहेर आली, तिने अपेक्षाचा गाल पाहिला आणि तिला मिठी मारून रडायला लागली. तनुश्री ओले पट्टे सोडवत बसली होती. तिने अपेक्षाकडे नजर टाकली आणि हळूच म्हणाली, "दीदी, इनको खुद बोलने दीजिए. नहीं बोलेंगे तो डर अंदर बैठ जाएगा."

दुपारनंतर वारा सुटला. समुद्र खवळला. कप्तान म्हणाला, अशा लाटांत निघता येणार नाही, बेटाच्या आडोशाला थांबू. दुसरा अख्खा दिवस बोट तिथेच डोलत राहिली. समोर तोच काळा डोंगर, तोच धूर. चालायला जागा म्हणजे पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, आणि आत बाजल्याएवढ्या दोन बर्थची केबिन. नितेश भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"तुमी गोवर्धन भाऊजींले सांगतलं नाही," अपेक्षा म्हणाली.

"सांगतो."

"कवा?"

"सांगतो म्हटलं ना. घरी गेल्यावर सांगतो. इथी काहून तमाशा?"

गोवर्धन जेवताना, पत्ते खेळताना, कप्तानाला, स्वयंपाक्याला तीच गोष्ट सांगत होता. तिसऱ्यांदा सांगताना त्यात नितेशने माशाला बाजूला ढकललं होतं. अपेक्षा तिथून उठून जाऊ शकत होती, पण जाणार कुठे? केबिनमध्ये नवरा, बाहेर गोष्ट, आणि चहूकडे पाणी.

बोट धक्क्याला लागली, रेंज आली, आणि त्यांनी सामान उतरवायच्या आत गोवर्धनचा फोन वरुडला गेला होता. वरुडहून अकोल्याला. मैनाबाईंचा फोन आला तेव्हा त्या रडत होत्या. "पोरी, तू बरी हायेस ना वं? माह्या लेकानं वाचवलं तुले. देवच धावला!" नितेश शेजारीच उभा होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. तो बॅग उघडून काहीतरी शोधायला लागला.

अकोल्यात गोष्ट त्यांच्याआधी पोचली होती. बायका बघायला यायच्या, तिच्या गालावर हात ठेवायच्या, नितेशकडे कौतुकाने पाहायच्या. मैनाबाईंनी तिच्या मनगटाला काळा दोरा बांधला. एक दिवस त्या स्वतः तरण तलावावर गेल्या आणि तिथल्या व्यवस्थापकाला सांगून आल्या, आमची सून आता येणार नाही.

अपेक्षाला हे संध्याकाळी कळलं. "आई, मले न विचारता?"

"विचारायचं काय त्यात? एक डाव देवानं वाचवलं. डाव डाव वाचवीन का तो? नितेशनंही हो म्हनलं."

अपेक्षाने नितेशकडे पाहिलं. तो ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडत होता. "थोडे दिवस आराम कर," तो म्हणाला. "मग पाहू."

दुसरी शिकवणारी बाई मिळाली नाही म्हणून बॅच बंद पडली. गोदाबाई एकदा मेथी-सांभाराच्या जुड्या घेऊन दारात आली. "मॅडम, मग आमी जावं कोठी? माणसांच्या टायमाले तर जाता येत नाही." मैनाबाईंनी तिला आत बोलावून सगळी हकीकत सांगितली. गोदाबाई हळहळली. जाताना अपेक्षाला म्हणाली, "तुमी बुडता म्हणजे आमी तर गेलोच," आणि तिने स्वतःच कानाला हात लावला.

सगळ्यात वाईट होता तो पंजाबरावांचा फोन. त्यांनी नेहमीसारखं हवापाणी विचारलं, आणि मग त्यांचा आवाज उतरला. "बाबा?" ती म्हणाली.

"तू बुडत होती म्हनतात."

तिच्या शेजारी मैनाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"मले वाटलं, म्या तुले चांगलं शिकवलं व्हतं," पंजाबराव म्हणाले. "चुकलंच काही तरी माह्याकडून." आणि त्यांनी फोन ठेवला.

तिला त्या दिवशी समजलं की ती कशात सापडली आहे. खरं सांगावं तर नवऱ्याला अख्ख्या गावासमोर उघडं पाडायचं. न सांगावं तर रोज थोडं थोडं बुडायचं, आणि तेही कोरड्या जमिनीवर. आणि जितके दिवस जात होते तितकं सांगणं अवघड होत होतं. आता सांगितलं तर लोक म्हणणार, मग इतके दिवस काहून गप्प होती?

नितेश तरी कुठे मोकळा होता! त्याला आता पाण्याखाली तोंड नेता येत नव्हतं. आंघोळ करताना तो डोकं मागे टाकून, कपाळावर हात आडवा धरून पाणी घ्यायचा. दाढी करून झाल्यावर ओल्या रुमालाने तोंड पुसायचा. एकदा सुट्टीत आलेल्या पुतण्याने खेळता खेळता तांब्याभर पाणी तोंडावर मारलं, तर त्याने पोराच्या हाताला असं धरलं की पोर किंचाळलं. घरात कोणी मनावर घेतलं नाही. अपेक्षाने घेतलं, कारण ती पकड तिच्या ओळखीची होती.

असं असताना अमरावतीहून निमंत्रण आलं. तिथल्या एका साहसी खेळांच्या मंडळाने नितेशचा सत्कार ठरवला होता. गोवर्धननेच ते जुळवून आणलं होतं. सत्कारानंतर तरण तलावात सिलिंडर लावून प्रात्यक्षिक. नितेशने आधी नाही म्हटलं, मग दुकानाची गर्दी सांगितली, मग खुशालराव म्हणाले, "दुकान मी पायतो. नाही तर एक दिवस बंद ठेवू. सत्काराले आपुन सगळेच जाऊ." त्यांनी आयुष्यात कधी मुलाचं एवढं कौतुक केलं नव्हतं. नितेशने होकार दिला.

रविवारी चौघं गाडीने निघाले. नितेश गाडी चालवत होता, बाजूला खुशालराव, मागे सासू-सून. मूर्तिजापूरला चहाला थांबले तेव्हा नितेशने अपेक्षाला हातपंपाच्या आड नेलं.

"माह्याच्यानं होणार नाही," तो म्हणाला. त्याच्या ओठांवर घाम होता. "तू एक काम कर. तठी गेल्यावर चक्कर आली म्हण. पाणी पाहून घाबरली म्हण. पडून जा. मग कोणी मले पाण्यात उतर म्हणणार नाही."

अपेक्षाने त्याच्याकडे पाहिलं. "मी पुन्हा बुडू?"

"शेवटचं. एवढंच कर."

"तुमी सांगणार होते घरी आल्यावर."

"कसं सांगू? बाबाले पाहिलं ना तू? सकाळपासून नवा सदरा घालून बसले हायेत." त्याने तोंडावरून हात फिरवला. "बोटीवर गोवर्धन बोलला तवा माह्या तोंडातून आवाजच नाही निघाला. मग गोष्ट पुढं गेली आन् मी मागं राहिलो. मले काय मजा वाटून राहिली का?"

गाडीतून मैनाबाईंनी हाक मारली. अपेक्षा काही न बोलता गाडीत जाऊन बसली. बडनेरा आलं, अमरावती आली. वाटेत खुशालराव मुलाला विचारत होते, पाण्याखाली ऐकू येतं का, बोलता येतं का. नितेश नाही नाही म्हणत होता.

शाल, नारळ, भाषणं झाली. तलावाच्या काठावर खुर्च्या मांडलेल्या, शाळकरी मुलं पुढे बसलेली. नितेशला सिलिंडर चढवलं. तो पायऱ्यांनी उथळ पाण्यात उतरला, पाणी कसंबसं छातीपर्यंत आलं. त्याने मास्क लावला, नळी तोंडात घेतली. त्याच्या श्वासाचा आवाज काठावर ऐकू येत होता, भात्यासारखा. त्याने तोंड पाण्यात घातलं आणि झटक्यात बाहेर काढलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्याने पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. टाळ्या कमी झाल्या. मागे कोणीतरी हसलं.

माईकवाला सावरून घेत म्हणाला, "अरे, आपले हिरो एकटे कसे जातील? वाचवायला कोणी पाहिजे ना! वहिनींना बोलवा. वहिनी बुडतील, साहेब वाचवतील. प्रत्यक्ष पाहू द्या सगळ्यांना!"

"वहिनी, या!" गोवर्धन ओरडला.

अपेक्षा उठली. मैनाबाईंनी तिचा हात धरला, "तू नको जाऊ वं, पान्यापाशी," आणि तिने तो हळूच सोडवला. काठावर येऊन ती नितेशच्या समोर गुडघ्यांवर बसली. मास्कच्या काचेमागे त्याचे डोळे तसेच होते, त्या दिवसासारखे. फरक एवढाच, की आज तो तिला ओळखत होता. त्याने नळी काढली. "पड ना," तो पुटपुटला. "अपेक्षा, पड."

तिने हात पुढे करून त्याचा मास्क उतरवला. मग माईकवाल्याकडे वळून म्हणाली, "तो इकडे द्या."

त्याला वाटलं वहिनी दोन शब्द बोलणार. त्याने आनंदाने दिला.

"बेटापाशी मी बुडत नव्हती," ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा आला. "हे घाबरले होते. मी यांना धरून वर आणलं. घाबरणं काही गुन्हा नाही. कोणीही घाबरतं तिथे. पण यांना अजून पाण्यात तोंड घालता येत नाही आणि तुम्ही टाळ्या वाजवून राहिले. यांना बाहेर येऊ द्या."

तिने माईक खाली ठेवला. एका मुलाने बाईंना विचारलं, "मग हिरो कोन?" आणि बाईंनी त्याला गप्प केलं. नितेश पाण्यात उभा होता. तिने हात दिला, तो धरून तो वर आला आणि काठावरच बसला, सिलिंडरसकट. त्याचे खांदे हलत होते. खुशालराव खुर्चीवरून उठले, मुलाची सत्काराची शाल तिथेच ठेवली, आणि गाडीच्या दिशेने चालू लागले.

मैनाबाई तिच्याजवळ आल्या. "लोकायसमोर अब्रू काढली तुनं माह्या पोराची. घरात नाही सांगता आलं तुले?"

अपेक्षाजवळ उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं. ती म्हणाली, "नाही आलं सांगता."

परत येताना खुशालरावांनी गाडी चालवली. मूर्तिजापूरला कोणी चहा मागितला नाही. नितेश मागे अपेक्षाशेजारी बसला होता, आणि बोरगाव मंजूच्या आधीच त्याला झोप लागली, इतकी गाढ की खड्ड्यातही जाग आली नाही. त्याचं डोकं काचेवर आपटत होतं. तिने ते आपल्या खांद्यावर घेतलं. आरशात सासऱ्यांनी पाहिलं आणि नजर वळवली.

लोकांनी दुसरी गोष्ट धरली. बायको तोंडाळ आहे, नवऱ्याला चारचौघांत पाडलं. गोवर्धनने फोन करणं बंद केलं. पंजाबरावांना तिने स्वतः फोन करून सगळं सांगितलं, तर ते आधी हसले, मग चिडले, "मंग एवढे दिवस मले काहून कुजवलं?" आणि मग फोनवरच रडले. सोमवारी ती तलावावर गेली. कोणी जा म्हटलं नाही, कोणी जाऊ नको म्हटलं नाही. पाच-सहा बायका परत आल्या, बाकीच्या आल्या नाहीत.

नितेश तिच्याशी कामापुरतं बोलायचा. एकदा दुकानात निघताना दारात थबकला. "तू बोटीवरच काहून नाही बोलली?"

"तुमी बोलाल असं वाटलं."

"मलेही वाटलं होतं," तो म्हणाला आणि गेला.

मैनाबाईंनी बरेच दिवस तिच्याशी अबोला धरला. मग एका दुपारी अपेक्षा स्वयंपाकघरात वांगी चिरत होती, मैनाबाई शेगडीवर वरण घोटत होत्या, आणि घरात दुसरं कोणी नव्हतं.

"लय भेला होता का वं तो?" मैनाबाईंनी विचारलं. पाठ फिरवलेलीच होती.

अपेक्षाचा हात विळीवर थांबला. "हो आई. लय."

"मले कवा सांगतलं नाही त्यानं. लहानपणीही नाही सांगायचा. अंधाराले भ्यायचा, पण म्हणायचा, पोट दुखून राहिलं." त्या थोडा वेळ घोटत राहिल्या. "तुह्ये बाबा सांगत होते, तुले मारलं म्हणे त्यानं तठी."

"त्यायले कळत नव्हतं, आई. मी कोण ते."

मैनाबाईंनी शेगडी बंद केली. रवी ताटलीत ठेवली, पदराला हात पुसले, आणि पाट ओढून तिच्यासमोर बसल्या.

"सांग," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सांग."